मेजर म्हणा, हरकत नाही

डहाणू तालुक्यातल्या गंजाडला गेलात की एका नावाच्या आधी 'पद्मश्री' हमखास ऐकू येईल. जिव्या सोमा म्हसे यांना हा सन्मान 2011 साली मिळाला. 2018 साली ते गेले. पण वारली चित्रांचा विषय निघाला की उल्लेख 'पद्मश्री म्हसे' असाच होतो, आणि तो करताना बोलणाऱ्याची मान जरा ताठ होते. गंमत अशी, की हे नियमात बसत नाही. राज्यघटनेच्या 18व्या कलमाने किताब बंद केले. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, आणि म्हणूनच ते नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत. पुरस्कार मिळालेल्याने तसं केलं तर पुरस्कार रद्दही होऊ शकतो. आता अख्खा डहाणू तालुकाच लावत असेल, तर काढून घेणार कुणाकडून?

त्याच 18व्या कलमात दोघांना सूट आहे: सैन्यातल्या हुद्द्यांना आणि विद्येच्या पदव्यांना. विद्वान एकमेकांना समोर काय म्हणतात आणि पाठीमागे काय, हा वेगळ्या आणि बऱ्याच धोक्याच्या निबंधाचा विषय आहे. मला कुतूहल आहे ते सैन्यातल्या लोकांचं.

आपल्याकडे सातारा, नगर, कोल्हापूर या भागात सुट्टीवर आलेला कुठलाही जवान 'मेजर' असतो. परवा बेळगावला कसम परेड करून आलेला, डोक्यावरचे केस अजून बोटभरही न वाढलेला पोरगा एसटीतून उतरतो आणि पारावरून हाक येते, "या मेजर, कधी आलात?" तो गडबडत नाही, लाजत नाही, दुरुस्ती तर करतच नाही. चहा घेतो. अधिकारी म्हणून कमिशन मिळालेल्याला मेजर व्हायला आज साधारण सहा वर्षं लागतात. परमवीरचक्राचे मानकरी रामा राघोबा राणे 1940 साली शिपाई म्हणून भरती झाले आणि 1968 साली मेजर म्हणून निवृत्त झाले. मध्ये नौशेरा-राजौरीचा सुरुंग पेरलेला रस्ता होता, आणि सगळी मिळून 28 वर्षं. गावात हे काम पहिल्याच सुट्टीत, चहाबरोबर उरकतं.

शहरातल्या शहाण्यांना हे अडाणीपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही, कारण खुद्द सैन्यही हेच करतं. लेफ्टनंट कर्नलला हाक मारताना कुणी पूर्ण हुद्दा उच्चारत बसत नाही, 'कर्नल' म्हणतात. मेजर जनरल आणि लेफ्टनंट जनरल हे दोघेही बोलण्यात सरळ 'जनरल' होतात. नायब सुभेदारातला नायब हाकेत गळतो. हुद्दा उच्चारताना तो नेहमी वरच्या बाजूला पूर्ण करायचा, खालच्या बाजूला कधीच नाही, असा हा अलिखित कायदा आहे. पारावरच्या मंडळींनी तोच कायदा जरा सढळ हाताने चालवला, एवढंच. शिवाय हवालदार मेजर असतो, सुभेदार मेजर असतो, नुसता मेजरही असतो. इतके मेजर असताना एखादा जास्त झाला तर सरहद्दीवर काही फरक पडत नाही.

आणि खांद्यावरून ओळखायचं म्हटलं तरी सोपं नाही. मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह, सुभेदार मेजरच्या खांद्यावरही सिंहच. लेफ्टनंटला दोन तारे, सुभेदारालाही दोन तारे. फरक असतो तो सुभेदाराच्या ताऱ्यांखालच्या लाल-पिवळ्या पट्टीचा. अनुभवी माणूस पट्टी बघत नाही, मिशी बघतो. मिशी भरदार आणि पिकायला लागलेली असेल तर सुभेदार. अजून नीट फुटायची असेल तर त्याचा साहेब.

इथेच सैन्यातल्या शिष्टाचाराची खरी कसोटी आहे. बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट पलटणीत येतो. त्याच्या हाताखाली असतो त्याच्या वडिलांच्या वयाचा सुभेदार. सलाम सुभेदार ठोकतो, हुकूम लेफ्टनंट देतो. पण लेफ्टनंट त्याला नुसतं 'सुभेदार' म्हणून हाक मारत नाही, 'सुभेदार साहेब' म्हणतो. समोरून उत्तर येतं, 'जी साब'. दोघेही साहेब. एक कागदावरचा, एक वयाचा आणि अनुभवाचा. 'साहेब' गाळणाऱ्या नव्या अधिकाऱ्याला सुभेदार काही बोलत नाही. फक्त त्याला पुढचे कित्येक दिवस प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे मिळते. याहून मोठी शिक्षा सैन्यात नसावी.

टोपणनावांचा कायदा याच्या उलट चालतो. हुद्दा समोर मोठा करून म्हणायचा, टोपणनाव बहुधा पाठीमागे. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर चाळिशीच्या आसपासचा असला तरी त्याच्या माघारी तो 'ओल्ड मॅन'. त्याला 'टायगर' म्हणायचीही रीत आहे, आणि ते एकच नाव असं की त्याच्या कानावर गेलं तरी चालतं. डहाणू-जव्हारच्या जंगलपट्टीत वाघाला वाघोबा म्हणतात. गावच्या वेशीवर त्याची लाकडी किंवा दगडी मूर्ती उभी असते, तिला शेंदूर फासतात, नवसही बोलतात. ज्याची भीती वाटते आणि ज्याच्याशिवाय रानाची राखण होत नाही, त्याला नुसत्या नावाने हाक मारायची नसते. पलटणीला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

खरी मोकळीक एकाच ठिकाणी असते. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत एकाच तुकडीत असलेले, ज्यांनी एकत्र शिक्षा भोगल्या, त्यांना एकमेकांची त्या वेळची नावं जन्मभर वापरायची मुभा असते. पुढे एक जनरल झाला आणि दुसरा कर्नल म्हणूनच घरी बसला, तरी फोनवर तो जनरलला 'अरे जाड्या' म्हणू शकतो. जनरलच्या स्टाफमधला कॅप्टन ते ऐकतो आणि छताकडे बघू लागतो. तेच नाव त्या कॅप्टनच्या तोंडून निघालं, तर त्याची पुढची बदली कुठे होईल याचा अंदाज आपण न केलेला बरा.

नाव कोण कुणाला देतो, यावरही बरंच ठरतं. इंग्रजांच्या फौजेत मराठा शिपायाला 'गणपत' म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे, यात शंका नाही. पण हजारो माणसांना मिळून एक गणपत, म्हणजे कुणाचंच खरं नाव लक्षात ठेवायला नको. त्यांच्या स्वतःच्या गोऱ्या शिपायाला ते 'टॉमी' म्हणत. आपण तो टॉमी घरी आणला आणि कुत्र्याला ठेवला. हिशेब बरोबर झाला असं मी म्हणणार नाही, पण मनात येतं. उलट माणेकशांचं 'सॅम बहादूर' खालून वर गेलं. गोरखा जवानाने दिलेलं नाव, आणि फील्ड मार्शल झाल्यावरही त्यांनी ते मिरवलं. वरून खाली आलेलं नाव सोसावं लागतं. खालून वर गेलेलं नाव कमवावं लागतं.

डहाणूच्या पट्टीत अशा खालून वर गेलेल्या नावाचं एक अस्सल उदाहरण आहे. 1945 साली डहाणू-तलासरीत वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्यांच्यात राहून काम करणाऱ्या गोदावरी परुळेकरांना त्यांनी नाव दिलं 'गोदाराणी'. ज्या पक्षात सगळे एकमेकांना कॉम्रेड म्हणतात, राजेराण्यांचा कारभार संपवायला निघालेले असतात, त्यांच्या पुढाऱ्याला वारल्यांनी राणी करून टाकलं! पक्षाची पोथी काही म्हणो, पाड्यावरच्या माणसाने हुद्दा वरच्या बाजूला पूर्ण केला.

आपण मराठी माणसं तर या बाबतीत पुढचीच. किताबाने नावच गिळल्याची आपल्याकडे परंपरा आहे. कुडतोजी गुजर म्हटलं तर शाळकरी पोरगा डोकं खाजवेल. प्रतापराव म्हटलं की लगेच ओळखेल. हंसाजी मोहित्यांचे हंबीरराव झाले ते कायमचे. आणि हुद्दे तर आपण आडनावांत जिरवून टाकले. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सरनोबत, किल्लेदार. मतदारयादी काढली तर अर्धी फौज उभी राहील. मग घोटाळे होतातच. सुभेदार आडनावाचा पोरगा शिपाई म्हणून भरती झाला, की हजेरीला 'शिपाई सुभेदार' अशी हाक आलीच म्हणून समजा. कॅप्टन नाईक कॅप्टन आहेत की नाईक, हा प्रश्न फोनवर पडतो. 'मेजर जमादार' ऐकून तर हुद्दा चढला की उतरला तेच कळत नाही. सैन्यातला जमादार 1965 साली नायब सुभेदार झाला, तेवढाच आडनाववाल्यांना दिलासा.

वारली चित्रात मात्र या सगळ्याची सोय नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस झाला. खांद्यावर तारे काढायला जागाच उरत नाही. लग्नाच्या चौकात एक लढवय्या असतो, घोड्यासह, पंचशिऱ्या देव. त्याला डोकं नाही, मानेतून धान्याची पाच कणसं वर आलेली. चित्रातला एकुलता एक फौजी, आणि त्याला ना टोपी, ना बिल्ला. सन्मान मात्र नवरानवरीच्या बरोबरीचा. तारप्याच्या नाचातही हुकूम एकट्या तारपेवाल्याचा चालतो. तो वळेल तसे सगळे वळतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत. त्याला कुणी हुद्दा दिलेला नाही.

पण वारली पाड्यांवरची पोरंही आता पोलिसात, राखीव दलात, सैन्यात जातात. सुट्टीवर आली की टपरीवर त्यांना 'फौजी' म्हणतात. हवालदाराला जमादार आणि साध्या शिपायाला हवालदार म्हणायची आपली रीत तालुक्याच्या पोलीस चौकीपासून सुरू होते, ती इथेही पोचलीच आहे. एका टपरीवर एका मित्राने अशाच एका पोराला मोठ्या उत्साहाने 'मेजर साहेब' म्हटलं. पोरगा म्हणाला, "मी नाही, मेजर आमचे वेगळे आहेत." आणि वेगळे म्हणताना त्याने उगाचच पाठ ताठ केली, जणू ते टपरीच्या मागेच उभे होते. नव्या पोराने हे असं स्पष्ट सांगावं, हेही शिष्टाचारातच बसतं. म्हाताऱ्या सुभेदाराने मात्र कुणी मेजर म्हटलं तर गप्प राहावं. त्याची तेवढी मिळकत आहे.

तेव्हा वाचकहो, गाडीत शेजारी बारीक केसांचा, काळी ट्रंक घेतलेला माणूस बसला, तर त्याला हुद्दा विचारू नका. पलटण कुठली, ते विचारा. त्याचं उत्तर तो अर्धा तास देईल. उतरताना 'मेजर' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. घटनेची आडकाठी नाही. आणि टोपणनाव त्याने स्वतः सांगितलं, तरी वापरू नका. ते आपल्याला सांगितलेलं असतं, दिलेलं नसतं.