आधी कोंबड्या जाऊ द्या

टांझानियाच्या सरकारनं २०१७ च्या अखेरीस कोंबडीची ६,४०० पिल्लं जाळली. जिवंत. पिल्लांचा गुन्हा एवढाच, की ती केनियातून आली होती. नमांगाच्या नाक्यावर पकडली, बर्ड फ्लूचं कारण दिलं आणि काडी लावली.

त्याच सुमारास केनियाची तेराशेवर गुरं चरत चरत पलीकडे गेली. तीही टांझानियानं धरली. पण जाळली नाहीत, लिलावात काढली. बर्ड फ्लूपेक्षा भाव महत्त्वाचा.

आता गंमत ऐका. हे दोन देश एक होणार आहेत.

थट्टा नाही, पूर्व आफ्रिकी समुदायाच्या करारात तसं लिहून ठेवलंय. आधी जकात एक, मग बाजारपेठ एक, मग चलन एक आणि सगळ्यात शेवटी देशच एक. एक संघराज्य, एक सरकार. आरुशा गावात मुख्यालय आहे. झेंडा आहे, गीत आहे, कायदेमंडळ आहे, न्यायालय आहे. पिल्लू तेवढं पलीकडे जात नाही.

पहिला मुहूर्त निघाला जून १९६३ मध्ये. केनियाचे केन्याटा, टांगानिकाचे (म्हणजे पुढे झांझिबारसह झालेल्या टांझानियाचे) न्येरेरे आणि युगांडाचे ओबोटे नैरोबीत बसले आणि जाहीर करून मोकळे झाले, की वर्ष संपायच्या आत संघराज्य होणार. वर्ष संपलं. पुढे २०१३ चा मुहूर्त निघाला, तेही वर्ष संपलं. सामायिक चलन २०२४ मध्ये येणार होतं, ते आता २०३१ मध्ये येणार आहे. तारीख पे तारीख देण्यात पूर्व आफ्रिका केव्हाच एक झाली आहे.

न्येरेरेंवर मात्र शंका घेऊ नये. शेजाऱ्यांसोबत एक होता येणार असेल तर माझ्या देशाचं स्वातंत्र्य थोडं लांबलं तरी चालेल, असं हा माणूस १९६० मध्ये म्हणाला होता. असा नेता पुन्हा झाला नाही. झाला असता तर पक्षानंच घरी बसवला असता.

संघराज्य झालं नाही, पण १९६७ मध्ये समुदाय झाला. रेल्वे एक, टपाल एक, बंदरं एक, विमान कंपनी एक. सगळं सुरळीत चाललं होतं. मग १९७१ मध्ये युगांडात इदी अमीन आला. न्येरेरे म्हणाले, या माणसाच्या शेजारी मी बसणार नाही. तीन राष्ट्राध्यक्षांचं सर्वोच्च मंडळ त्यानंतर एकदाही बसलं नाही. एका खुर्चीवरचा माणूस बदलला आणि तीन देशांचं भवितव्य उठून गेलं.

१९७७ मध्ये सगळंच कोसळलं. विमान कंपनी बुडाली, केनियानं स्वतःची नवी कंपनी काढली, टांझानियानं चिडून सीमा बंद केली. ती १९८३ पर्यंत बंदच. ज्याच्या अंगणात जे उभं होतं ते त्याचं झालं. वाटणीच्या करारावर सह्या व्हायला १९८४ उजाडलं आणि त्यासाठी जागतिक बँकेला एक स्विस गृहस्थ मध्यस्थ म्हणून नेमावा लागला. संसार दहा वर्षांचा, वाटण्या सात वर्षं.

आणि आता तेच पुन्हा मांडव घालतायत.

बरं, मांडवात कोण कोण आहे? आठ देश. त्यात काँगो आणि रवांडा दोघंही. जानेवारी २०२५ मध्ये काँगोचं गोमा शहर एम-२३ नावाच्या बंडखोरांनी घेतलं. त्या बंडखोरांमागे रवांडाचं सैन्य आहे, असं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात. रवांडा म्हणतो, छे! शेजारच्या देशात विलीन होण्याची ही पद्धत करारात नाही, पण वापरात आहे.

मिगिंगोची गोष्ट तर सांगायलाच हवी. व्हिक्टोरिया सरोवरात हा एक खडक आहे. जेमतेम अर्धा एकर. त्यावर पत्र्याच्या खोल्या इतक्या दाटीनं बसवल्यात, की वरून पाहिलं तर जमीन दिसतच नाही, नुसता पत्रा. खाली मासेमारांची बिऱ्हाडं, दारूचे गुत्ते, केस कापायचं दुकान. शेजारीच याहून मोठं बेट आहे. ते रिकामं पडलंय आणि ते कुणाचं यावरून कुणीच भांडत नाही.

या खडकावरून मात्र केनिया आणि युगांडा हमरीतुमरीवर आले. पोलिस पाठवले, झेंडे रोवले, उपटले. कारण आजूबाजूला ‘नाइल पर्च’ नावाचा मासा मिळतो आणि त्याला युरोपात गिऱ्हाईक आहे. शेवटी २००९ मध्ये युगांडाचे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी तोडगा काढला. बेट केनियाचं, पाणी युगांडाचं.

म्हणजे केनियाच्या मासेमाराला घरात बसायची पूर्ण मुभा. मासे सोडून.

हे मुसेवेनी संघराज्याचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते. १९८६ पासून खुर्चीवर आहेत. युगांडा तर झाला, आता पुढे काय, असा प्रश्न चाळीस वर्षांनंतर कुणालाही पडेलच. संघराज्याचा पहिला अध्यक्ष कोण व्हावा याबद्दल त्यांच्या मनात काय असेल, हे वाचकांनी ओळखावं. बक्षीस नाही.

मुळात हे चालतं कसं? सोपं आहे. मोठं वचन फुकट पडतं. संघराज्याची तारीख पंधरा वर्षांनंतरची द्यायची. तोवर खुर्चीवर दुसराच कुणीतरी असतो (युगांडा वगळून वाचावं). नाका उघडायचा म्हटलं तर तो आज उघडावा लागतो, आणि उद्या सकाळी आपले पोल्ट्रीवाले मोर्चा घेऊन दारात. म्हणून पुढारी देश द्यायला तयार असतात. पिल्लू देत नाहीत.

मार्च २०२१ मध्ये केनियानं टांझानिया आणि युगांडाचा मका अडवला. बुरशीचं विष सापडलं म्हणे. ओरड झाली तेव्हा काही दिवसांत अटी घालून सोडला. जुलै २०२५ मध्ये टांझानियानं परदेशी नागरिकांना पंधरा प्रकारचे धंदे करायला बंदी केली. त्यात मोबाइल दुरुस्ती आली, किरकोळ दुकानदारी आली आणि सलूनही आलं.

उद्या एकाच देशाचे नागरिक होणारे लोक आज एकमेकांची हजामत करू शकत नाहीत. सरकारांनी ते काम स्वतःकडे ठेवलंय.

कुणी म्हणेल, टांझानिया हीच दोन देशांची बेरीज आहे की! आहे. टांगानिका आणि झांझिबार १९६४ मध्ये एक झाले आणि आजही एकत्र आहेत. पण कसे? झांझिबारला वेगळा अध्यक्ष, वेगळं सरकार, वेगळी विधानसभा. टांगानिकाला वेगळं काहीच नाही. त्यामुळे साठ वर्षांनंतर मोठा भाऊ विचारतो, आमचं सरकार कुठाय? धाकटा विचारतो, आमचा देश कुठाय? २०१७ मध्ये आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघानं झांझिबारला सदस्यत्व दिलं आणि चार महिन्यांत काढून घेतलं, कारण लक्षात आलं की हा देश नाही. 

आणि हे यशस्वी उदाहरण आहे.

अयशस्वी हवीत तर वाण नाही. पश्चिम आफ्रिकेत गांबिया नावाचा देश आहे, नदीच्या दोन काठांएवढा रुंद आणि तीन बाजूंनी सेनेगलच्या पोटात. जुलै १९८१ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष जवारा लंडनला चार्ल्स-डायनाच्या लग्नाला गेले आणि इकडे बंड झालं. सेनेगलच्या सैन्यानं ते मोडलं. उपकाराची परतफेड म्हणून फेब्रुवारी १९८२ मध्ये दोघांचं सेनेगांबिया झालं. अध्यक्ष कायम सेनेगलचा, उपाध्यक्ष कायम गांबियाचा. सात वर्षांनी जवारा म्हणाले, आळीपाळीनं घेऊ. सप्टेंबर १९८९ मध्ये सेनेगांबिया संपलं.

जकातीवरही जमलं नव्हतंच. गांबियाचं पोट कमी करात माल आणून सेनेगलात गुपचूप सरकवण्यावर. जकात एक केली तर खायचं काय?

या सगळ्या काळात सेनेगलच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेला ट्रक गांबियाच्या काठावर फेरीबोटीची वाट बघत उभा होता. कधी कधी काही दिवस. पूल झाला २०१९ मध्ये. एकत्र असताना जो झाला नाही, तो वेगळे झाल्यावर झाला.

इजिप्त-सीरिया आठवतात? १९५८ मध्ये सीरियाचे लष्करी अधिकारी आपल्या सरकारला न विचारता विमानात बसून कैरोला गेले आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांना म्हणाले, आम्हाला घ्या. नासरनी अट घातली, सगळे राजकीय पक्ष बरखास्त करा. केले. सीरियाच्या अध्यक्षांनी खुर्ची सोडली आणि बदल्यात ‘पहिला अरब नागरिक’ अशी पदवी घेतली. मध्ये सीमा लागत नव्हती, इस्रायल होता, पण भावनेला भूगोल लागत नाही. साडेतीन वर्षांत सीरियाच्या लष्करानंच बंड करून काडीमोड घेतला. इजिप्तनं मात्र ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ हे नाव आणखी दहा वर्षं लावलं. एकट्यानं संयुक्त राहण्याचा हा जगातला बहुधा एकमेव प्रयोग.

सिंगापूर त्यातल्या त्यात हुशार. मलेशियात जावं का, यावर १९६२ मध्ये त्यांनी जनमत घेतलं. मतपत्रिकेवर पर्याय तीन होते. अ, ब आणि क. तिन्हींचा अर्थ ‘जावं’. चौथाई मतदारांनी मतपत्रिका कोरीच टाकली. १९६३ मध्ये सिंगापूर आत गेलं आणि ऑगस्ट १९६५ मध्ये बाहेर आलं. नव्हे, काढलं गेलं. मलेशियाच्या संसदेत ठराव १२६ विरुद्ध शून्य. सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू टीव्हीवर रडले.

नंतरचं सिंगापूर बघता, रडायला नक्की कुणी हवं होतं?

आपल्याकडेही नकाशे रंगवणारे कमी नाहीत. २०२३ मध्ये नव्या संसद भवनात भिंतीवर एक शिल्पचित्र झळकलं. ‘अखंड भारत’ म्हणून एका मंत्र्यानं टाळ्या वाजवल्या. परराष्ट्र खातं म्हणालं, छे, ते सम्राट अशोकाचं साम्राज्य. काठमांडूच्या तेव्हाच्या महापौरांनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्या कार्यालयात ‘बृहद् नेपाळ’चा नकाशा टांगला. भिंती आणि खिळे सगळ्याच देशांत मिळतात.

बरं, समजा झाला अखंड. पाकिस्तान आणि बांगलादेश मिळून चाळीस कोटींवर माणसं आली. त्यांना मतदानाचा हक्क? इथे नकाशावाल्यांचा आवाज एकदम बसतो. नकाशा हवाय, मतदारयादी नको.

आणि सरकार एक झालं की वाट मोकळी होते हे कुणी सांगितलं? ठाण्याहून मुंबईत माल आणायचा तर मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रक रांगेत उभे असायचे. एक देश, एक राज्य, एक घटना आणि तरी रांग. ती संपली ३० जून २०१७ च्या रात्री, जीएसटी आल्यावर. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली मुंबईला ठाण्यात विलीन व्हायला.

उलट नेपाळचा माणूस आजही पासपोर्ट-व्हिसाशिवाय इकडे येतो आणि आपला तिकडे जातो. विलीनीकरण न करता. त्यावर शिल्पचित्र काढावंसं कुणाला वाटत नाही.

शेजारधर्म कळायचा तर संसदेच्या भिंतीकडे काय बघता, लासलगावच्या बाजार समितीत जा. कांदा महाग झाला की दिल्ली एका रात्रीत निर्यात बंद करते. सप्टेंबर २०१९ मध्ये केली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा केली. बांगलादेशच्या सीमेवर कांद्याचे ट्रक उभेच राहिले, माल सडून त्यातून पाणी गळायला लागलं. इकडे शेतकऱ्याचा भाव पडला आणि तिकडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत कांदा न कापताच पाणी आलं. २०१९ मध्ये तर बांगलादेशनं पाकिस्तानातूनही कांदा मागवला. त्या दोघांना इतकं जवळ दुसऱ्या कुणी आणलं नसेल.

त्या वर्षी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्यांनी चक्क हिंदीत टोमणा मारला. स्वयंपाक्याला सांगून ठेवलंय, जेवणात कांदा घालू नकोस. बंदी घालायचीच तर निदान आधी कळवत तरी जा. सभा हसली. नोटीस द्यायची पद्धत काही सुरू झाली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये हसीनाबाई ढाका सोडून भारतातच आल्या. आता कांदा मिळत असणार.