फुकटच्या गोळीला पॉवर नसते

सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपरचेही पैसे घेणे बंद केले आणि केंद्राची उरलीसुरली पत घालवली. पूर्वी निदान सुट्ट्या पैशांवरून खिडकीपाशी भांडण तरी व्हायचे. आता तपासणी फुकट, गोळ्या फुकट, कुत्रा चावला तर लसही फुकट. इतके देणाऱ्याचा काहीतरी डाव असणारच.

आमचे गाव सावध आहे. अंगात कणकण आली की आम्ही केंद्राच्या फाटकासमोरूनच वडाप पकडतो आणि तालुका गाठतो. तिथले डॉक्टर नाडीला हात लावण्याआधी विचारतात, "बाटली लावायची का?" याला म्हणतात निदान. अर्ध्या लिटरच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे जेमतेम चमचाभर. बाकी पाणी. पण ते थेंब थेंब शिरेत उतरताना बघून जी हुशारी वाटते, ती ओआरएसच्या पुडीत कुठली? पुडी घरी कालवून पिता येते, म्हणजे भेटायला पाव्हणेही येत नाहीत. त्यात बाटलीत जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सोडून पाणी पिवळे केले की बिल वाढते आणि पेशंट उठून बसतो. आमच्या आळीतल्या काकूंचे मत पक्के आहे : "पांढरीनं काय व्हत न्हाई, मला पिवळीच लागू पडती."

सरकारी गोळीला असली ऐट नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावून दगावणाऱ्यांचा प्रश्न धसास लावायला घेतला. पुढे रक्तदाबाची प्राझोसिन नावाची गोळी त्यांनी विंचवाच्या विषावर वापरून दाखवली, 'लॅन्सेट'ने त्यांचे लेखन छापले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. सगळे खरे, पण शेवटी गोळीच ना! बाटली शोधली असती तर आमच्या गावानेही मानले असते.

आरोग्य खाते मात्र जनजागृती करून दमत नाही. उपकेंद्राची आधी 'आरोग्यवर्धिनी' झाली, मग 'आयुष्मान आरोग्य मंदिर'. दर बारशाला नवा रंग. मंदिर झाल्यापासून लोक रस्त्यावरूनच हात जोडतात. ओपीडीच्या वेळा भिंतीवर ठळक लिहिल्या आहेत. त्यांच्यावर एका भावी आमदारांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. (वाढदिवस मार्चमध्ये झाला.) धाडस करून कुणी आत गेलेच, तर डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेलेले असतात. मीटिंगचा विषय : ओपीडीतली रुग्णसंख्या का घटली?

राहता राहिली आशाताई. तिशी ओलांडलेल्यांनी बीपी-शुगर तपासून घ्या म्हणून ती उंबरे झिजवते. गावाचा प्रश्न बिनतोड आहे : "आणि काही निघालं म्हंजे?" न तपासल्याने आमच्या गावात आजवर एकालाही मधुमेह नाही, पाय काळे पडतात ते बाहेरच्या बाधेने.

मागच्या ग्रामसभेत मी उपाय सुचवला. तीनशे रुपये फी ठेवा, बाहेर माशांची काचपेटी मांडा आणि नंबर लावायला एक खेकसणारा कंपाउंडर नेमा. फी आणि मासे एकमताने मंजूर झाले. कंपाउंडरच्या जागेवर अडले आहे, कारण तिन्ही अर्जदार सरपंचांचे पुतणे निघाले आणि तिघेही उत्तम खेकसतात.