गूळ कशासाठी?

वीरगळावरच्या वीराला मिशा रंगवलेल्या मी आयुष्यात एकदाच पाहिल्या, आणि त्याही माझ्या स्वागतासाठी.

गाव सातारा जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण गावानं माझं फार प्रेमानं केलं होतं. देवळामागं वीरगळांची रांग आहे असं कळलं, म्हणून मी रीतसर पत्र धाडलं : अमुक तारखेला पाहणीस येत आहे. घोडचूक तिथंच झाली. एसटीतून उतरलो तर हलगी वाजत होती. वीरगळाच्या चौकटी खालून वर वाचायच्या असतात. तळाला लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, माथ्याला तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला. सात-आठशे वर्षं हा सगळा प्रवास काळ्या दगडात बिनबोभाट चालला होता. आता वीराला भगवा फेटा आणि पिळदार मिशा, घोडा पांढराशुभ्र, अप्सरांना मोरपंखी नऊवारी, वरचा चंद्र चंदेरी आणि सूर्य सोनेरी. तळाशी, जिथं मेलेले शत्रू आडवे पडलेले असतात, तिथं ‘सौजन्य’ म्हणून एका माजी सरपंचांचं नाव.

“सायेब, पोरं राती दोनपत्तोर राबली,” एक आबा अभिमानानं म्हणाले. “सादा रंग न्हाय ह्यो. वाटरप्रूफ हाय. पन्नास वर्सं हालत न्हाय बगा.”

मला नेमकी तीच भीती होती. नारळ घेतला, शाल घेतली आणि खोलीवर येऊन अहवाल लिहिला. तो रंग काढण्यात दोन उन्हाळे गेले. ॲसिड चालत नाही, घासता येत नाही, तारेच्या ब्रशनं तर अप्सराच जायच्या. कापसाचा बोळा, जपून वापरायचं औषध आणि बोटभर जागेला अर्धा दिवस. मिशा सगळ्यांत शेवटी निघाल्या.

नोकरीची बहुतेक वर्षं सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे माझ्याकडं होते. एवढ्या काळात ‘पुरातत्त्व’ हा शब्द कुणी धड उच्चारला नाही. साताऱ्याकडं मी ‘पुरातन सायेब’ होतो. सांगलीकडं ‘पुराचं खातं’. २००५ च्या महापुरानंतर तर सांगलीत पुराचं खातं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : “पंचनामा कधी करताय?” २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. पाणी उतरल्यावर मी एका जुन्या घाटाची पाहणी करायला गेलो, तर शेजारच्या मावशींनी हाताला धरून घरात नेलं आणि भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली. मी सवयीनं टेप काढून रेघेची उंची वहीत टिपली. त्यांनी चहा दिला, गेलेली भांडी मोजून सांगितली आणि पैसे कधी येतील ते विचारलं. मी ‘तो माणूस’ नाही, हे सांगायला मला पंधरा मिनिटं लागली. त्यांना ते पटलं नाही. टेप घेऊन येणारा सरकारी माणूस म्हणजे तोच.

तिसरी जमात गुप्तधनवाल्यांची. यांना आमचं खातं नेमकं माहीत असतं, फक्त कामाबद्दल गैरसमज असतो. संध्याकाळी उशिरा येतात, दार लोटून घेतात आणि “निम्मं-निम्मं” एवढंच म्हणतात. त्यांच्यासाठी माझ्याकडं एक कायदा पाठ होता, १८७८ चा. जमिनीत दडवलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर ज्याला सापडलं त्यानं कलेक्टरांना लेखी कळवायचं. दहा रुपयांत आज स्टँडवर कटिंग चहा येतो. “म्हणजे चहाच्या वर काही घावलं की थेट कलेक्टरसाहेब?” असं एकानं मला विचारलं, तेव्हा इंग्रजांविषयी त्याच्या मनात नव्यानं चीड निर्माण झालेली दिसली.

पण खरं सांगायचं तर चोरांनी मला फारसा त्रास दिला नाही. त्रास दिला भक्तांनी. चोर एखादी मूर्ती नेतो; भक्त जीर्णोद्धार करतो. या शब्दानं माझ्या पोटात गोळा येतो. जीर्णोद्धार ठरला की आधी वर्गणी जमते, मग ग्रॅनाईट येतं, मग गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, मग सभामंडपाला पत्रा, आणि हेमाडपंती शिखराला गुलाबी ऑइलपेंट. सगळं श्रद्धेनं. भक्तीला ‘थांबा’ म्हणणारा सरकारी माणूस गावाला कसा दिसत असेल, याची कल्पना करा. आमच्या कामाचं यश म्हणजे काहीही न घडणं. इतर खाती ‘केलं’ असं सांगतात. आम्ही वर्षअखेरीला सांगतो की अमुक देऊळ गेल्या वर्षी होतं तसंच आहे. यावर बढती मागणं अवघड जातं.

सिमेंटशी माझं वैयक्तिक वैर नाही. पण जुना दगड चुन्यात बांधलेला असतो आणि चुना श्वास घेतो. भिंतीतली ओल तो बाहेर सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. म्हणून डागडुजीही चुन्यातच करायची. चुनखडी भाजायची, कळीचा चुना हौदात विरवायचा, कित्येक दिवस भिजत ठेवायचा, मग वाळू आणि विटांचा चुरा घालून घाण्यात मळायचा. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा आणि भिजवलेले उडीद. जुन्या गवंड्यांची ही पाककृती मी एका छोट्याशा बुरजाच्या अंदाजपत्रकात जशीच्या तशी उतरवली आणि हिशेब तपासणाऱ्यांकडं पाठवली.

फाईल परत आली ती शेरे घेऊनच. ‘गूळ : कशासाठी? कार्यालयीन चहापानाचा खर्च स्मारकावर टाकता येणार नाही.’ ‘उडीद : मजुरांच्या भोजनाची तरतूद नियमात नाही.’ ‘हिरडा : औषध खरेदी आरोग्य विभागामार्फत करावी.’ आणि बेलफळापुढं लाल शाईनं : ‘धार्मिक विधीसाठी शासकीय निधी वापरणे उचित नाही.’ चुन्याला मात्र हरकत नव्हती. सरकारी कामात चुना लागतोच, हे त्यांना मान्य असावं.

मी चिडून सविस्तर उत्तर लिहिलं. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात आणि दोन, बहे आणि बत्तीस शिराळा, सांगलीत. त्यातला पहिला मानतात तो कराड तालुक्यातल्या शहापूरचा, शके १५६६ चा, म्हणजे इसवी सन १६४४ चा. लोक त्याला ‘चुन्याचा मारुती’च म्हणतात. मसूरचाही चुन्याचा. उंब्रजच्यात तर चुना, वाळू आणि ताग. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट निघालं १८२४ मध्ये. सबब चुना सिमेंटला १८० वर्षं ज्येष्ठ असून अद्याप सेवेत आहे, असं मी नमूद केलं. याला उत्तर एका ओळीचं आलं : ‘उक्त मारुतीच्या मूळ अंदाजपत्रकाची प्रत जोडावी.’

शेवटी बुरूज त्या पावसाळ्यात आपणहून थोडा ढासळला. मग ते ‘तातडीचं काम’ झालं आणि गूळ मंजूर झाला.

या दोन जिल्ह्यांनी मला हसवलंही पुष्कळ. मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी एक अजस्र घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा देशावर आल्या, त्यातली ती. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. एक आजी तिला मनोभावे हात जोडत होत्या. मला म्हणाल्या, “लेकरू कडंला हाय. कुठली म्हनायची ही?”

मी म्हटलं, “वसईची.”

आजींनी तिच्याकडं एकवार पाहिलं. “लई लांब दिली गं बाई,” म्हणाल्या, आणि पायाशी दोन फुलं ठेवून गेल्या. बत्तीस पानांच्या माझ्या टिपणात हे वाक्य बसवायला जागा नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर मोटा मोजणारा पर्यटक हटकून भेटतो. शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाईंनी ती बांधवली. शिलालेखात तसं कोरलंय. लोक तो वाचत नाहीत, त्याला टेकून फोटो काढतात. आणि संगम माहुलीत शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. औरंगजेबाला सात वर्षं झुंजवणाऱ्या ताराराणींचीही समाधी माहुलीलाच, पण नदीच्या पात्रात. पूर आला की गाळाखाली. मी हे एका शाळेच्या सहलीला सांगत होतो. एका मुलीनं हात वर केला : “सर, कुत्रा लई मोठा होता का?” मास्तर तिला रागावले. मला तो प्रश्न लेखी देऊन वर पाठवावासा वाटला.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा रांगा लागल्या. पुढच्या वर्षी प्रतापगड युनेस्कोच्या यादीत गेला. माझ्या मेव्हण्यानं अभिनंदनाचा फोन केला आणि लगेच विचारलं, “मग आता वरपर्यंत लिफ्ट करणार असतील?”

इतकं लोकांना हसल्यावर स्वतःचंही सांगायला हवं. सांगली जिल्ह्यात आमचा एक वाडा होता. चौसोपी वगैरे नाही, दोनच सोपे. पण दार सागवानी, गणेशपट्टीचं, पितळी कड्यांचं. भावांनी पाडायचा ठरवला. संमतीपत्र माझ्याकडं आलं. मी दोन जिल्ह्यांतल्या गावांना सांगत फिरायचो की जुनं मोडू नका, आणि त्या कागदावर मी एका मिनिटात सही केली. पावसात गळायचं, विटकर ढासळायची, आणि माझा वाटा मला नको होता असं नाही. आता तिथं स्लॅबचा बंगला आहे. बाहेरून टाइल्स. मीच पसंत केलेल्या.

गेल्या दिवाळीत हायवेला एका ‘वाडा’ नावाच्या हॉटेलात जेवायला थांबलो. आत शिरताना दार ओळखीचं वाटलं. वर वॉर्निश चढलं होतं, पण उजव्या फळीवर, कमरेएवढ्या उंचीला, खिळ्यानं ओरखडलेला ‘क’ तसाच होता. तो माझाच. पहिलीतला. मी त्यावरून बोट फिरवलं.

“काका, हात लावू नका,” गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, “अँटिक हाय ते.”

मी हात मागं घेतला. पिठलं-भाकरी मागवली. ताटात कांदा, ठेचा आणि गुळाचा खडा आला. बिलात गुळाचे दहा रुपये वेगळे लावले होते.