जंतांची जमाबंदी

डोंबिवलीतील ज्या मोजक्या बैठ्या घरांवर अद्याप पुनर्विकासाचा फलक चढलेला नाही, त्यांच्या परसात, शेवगा आणि वापरातून गेलेली विहीर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, जाळीच्या खुराड्यापुढे कानावर पेन खोचून उभा असलेला जो वयस्क गृहस्थ सकाळी दृष्टीस पडतो, तो कोंबड्या पाळतो असे म्हणणे वस्तुस्थितीस सोडून होईल; तो कोंबड्यांची आस्थापना चालवतो. महसुलाची दप्तरे वागवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या वर्गास कोणतीही आळी 'भाऊसाहेब' या एकाच नावाने ओळखते, आणि आमच्या शेजारचे भाऊसाहेब हा त्यातला अस्सल नमुना. ठाण्यास 36 वर्षे नोकरी झाल्यावर निरोपसमारंभात त्यांस रीतसर नारळ मिळाला, पण टिपणी लिहिण्याची खोड जमा करून घेण्याचे कोणास सुचले नाही. ती घेऊन ते घरी आले, तेव्हा हाताखाली कोणी उरले नव्हते. मुलगा पुण्यास, आणि काकू स्वतंत्र विचारांच्या. सबब सात कोंबड्या व एक कोंबडा.

या आठ जीवांचा हजेरीपट आहे. अंड्यांच्या आवक-जावकीची वही वेगळी, आणि शेजाऱ्यास अंडे मिळते ते पोच लिहून दिल्यावर. एखादी कोंबडी खुडूक बसली की तिच्यापुढे 'अर्जित रजा' असा शेरा पडतो. अंड्यावर न आलेली तलंग 'परिविक्षाधीन' गणली जाते. मानमोडीची लस कोणत्या तारखेस दिली याची नोंद भाऊसाहेबांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या नोंदीहून अद्ययावत असते.

गेल्या वैशाखात तिसऱ्या क्रमांकाच्या कोंबडीचा तुरा फिका पडला, छातीचे हाड हातास लागू लागले, आणि एके सकाळी तिच्या विष्ठेत शेवईसारखा, बोटभर लांब, पांढरट जंत आढळला. काकूंनी लसूण ठेचून घालण्याचा उपाय सुचवला.

"त्यास आधार काय?" भाऊसाहेबांनी विचारले.

"माझ्या आईचा," काकू म्हणाल्या. परंतु हा आधार तोंडी असल्याने दप्तरी दाखल झाला नाही.

विष्ठा मिठाच्या दाट पाण्यात कालवली असता जंतांची अंडी वर तरंगतात व सूक्ष्मदर्शकाखाली जातवार ओळखू येतात, असे त्यांच्या वाचनात आले होते. आणि परळास 1886 सालापासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय असताना खालच्या पायरीवर अर्ज करणे त्यांच्या प्रकृतीत बसणारे नव्हते. 1853 साली ठाण्यास आणि पुढल्या वर्षी कल्याणास जी आगगाडी पोहोचली, तिने आजवर पुष्कळ काही वाहिले असेल. पण चुन्याच्या आठ डब्यांत, क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवून, कोंबड्यांची विष्ठा नेणारा उतारू बहुधा हाच पहिला. दिवा येईपर्यंत डब्यातील मंडळी एकमेकांकडे संशयाने पाहत होती. मुंब्र्यास पिशवीचा उलगडा झाला, आणि ठाणे येण्याच्या आत भाऊसाहेबांस खिडकीजवळची ती बैठक प्राप्त झाली, जी चौथ्या सीटच्या कडेवर निम्मे अंग टेकून काढलेल्या 36 वर्षांत एकदाही लाभली नव्हती.

निष्पन्न असे झाले की गोलकृमी सर्वांस, आणि दोघींस शिवाय पट्टकृमी. पायपेराझिन हे जुने औषध गोलकृमींस लुळे पाडते, पण पट्टकृमींच्या वाटेस जात नाही; म्हणून दोहोंवर चालणारे अल्बेंडाझोल ठरले, शाळांतून दर 10 फेब्रुवारीस मुलांना जी जंतांची गोळी देतात तिच्यातलेच.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. लाल फितीची आम्ही जन्मभर टवाळी केली. परंतु जंत हा जीवच असा आहे की त्याचा बंदोबस्त लाल फितीवाचून होत नाही. औषध अंदाजे पाजून भागत नाही, कारण अपुऱ्या मात्रेने जंत मरण्याऐवजी निर्ढावतात. सबब प्रत्येकीचे वजन. आतड्याच्या अस्तरात दडलेली जंतांची पिल्ले पहिल्या खेपेस बचावतात. सबब तीन आठवड्यांनी दुसरी खेप. बाहेर पडलेली अंडी ओलसर मातीत महिनोन्‌महिने जीव धरून राहतात, गांडुळे ती वाहून नेतात, आणि पट्टकृमी तर मुंग्या, माश्या व शेणकिडे यांच्या पोटी मुक्काम करून येतात. सबब तूस बदलणे, जागा उन्हाने तापवणे, आणि औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस सरेपर्यंत अंडी न खाणे. इतके सारे तारीखवार पाळणारा मनुष्य हौशी तरुणांत सापडावयाचा नाही. त्यास मुदत, स्मरणपत्र आणि रुजुवात यांचे मुळातच वेड असावे लागते.

मोहीम रात्री आठानंतर, आसामी झोपेत असताना, निघाली. विजेरी धरण्यास, आणि पंच म्हणून, आम्हांस पाचारण झाले. साडीच्या दुकानाची पिशवी हुकाच्या काट्यास टांगून तीत एकेकीस बसवण्यात आले. वजन पुकारले गेले, नोंदले गेले, आणि सुई काढलेल्या पिचकारीने चोचीच्या कडेने औषध थेंबाथेंबाने आत गेले. सातही जणींनी सरकारी कामात अडथळा आणला नाही. कोंबड्याने मात्र हरकत घेतली. त्याने पिशवी फाडली, विजेरी पाडली आणि आमच्या मनगटावर लांबलचक ओरखडा काढला. भाऊसाहेबांनी काट्याकडे पाहून "दोन किलो तीनशे" असे लिहिले, मग आमच्या मनगटाकडे पाहून "पंच किरकोळ जखमी" असे लिहिले, आणि सहीसाठी वही पुढे केली.

दुसऱ्या दिवशी फाटकावर 'अंडी वाटप तहकूब' अशी नोटीस लागली. तीन आठवड्यांनी दुसरी खेपही तशीच पार पडली. यावेळी आम्ही लांब बाह्यांचा सदरा घातला होता. तुरे पुन्हा तांबडे झाले, वाटप सुरू झाले, आणि 'प्रकरण निकाली' असा शेरा मारून भाऊसाहेबांनी वहीस फीत बांधली, ती अर्थातच लाल.

मग ज्येष्ठाच्या अखेरीस एका दुपारी पावसाने गाठले. परसातली माती तासाभरात फुगली, आणि सर उघडताच सोडलेल्या कोंबड्यांपैकी तिसऱ्या क्रमांकाची ती, बरी झालेली, थेट विहिरीच्या काठी गेली व तिने चिखलातून एक लठ्ठ गांडूळ ओढून काढले. बाकीच्या तिच्या मागे लागल्या. भाऊसाहेब छत्री न घेताच अंगणात उतरून हा देखावा पाहत राहिले.

"अहो, आत या, पुन्हा सर येतेय," काकूंनी हाक दिली.

त्यांनी कानावरचे पेन काढले, आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या आमच्याकडे वळून, ज्या स्वरात पूर्वी तगाईच्या थकबाकीदारांची नावे पुकारीत असतील त्याच स्वरात विचारले, "श्रावणात रात्री आठ वाजता आपण मोकळे असता ना?"