कांदेनवमी

स्वतःला सुधारायला निघालेल्या माणसाला आधी पोटभर कांदाभजी खाऊ द्यावीत, हे ज्या पूर्वजाला सुचलं त्याचा एखाद्या चौकात पुतळा हवा होता. आषाढ शुद्ध नवमीला भजी, थालीपिठं, झुणका, सगळं कांद्याचं. मधला दशमीचा दिवस पोटाला द्यायचा. एकादशीला चातुर्मास लागला की कांदा-लसूण बंद, थेट कार्तिकी एकादशीपर्यंत.

एक जानेवारीच्या संकल्पाला ही समज नाही. 'साखर बंद' म्हणून जाहीर करावं, तर पंधरवड्यात संक्रांत येते आणि लोक हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलायला सांगतात. नको म्हणावं तर भांडण उकरून काढल्यासारखं होतं. मग संकल्प गुढीपाडव्यावर जातो. त्या दिवशी श्रीखंड. तिथून दिवाळीच्या पाडव्यावर जावं, तर समोर फराळाचं ताट. वर्षाला तीन-तीन नवी वर्षं असलेल्या समाजाचं वजन कमी होणं अवघडच.

माझी आजी मात्र चातुर्मासाची खेळाडू. एका वर्षी तिने कारलं सोडलं. ती एरवीही कारलं खात नसे. आम्ही नातवंडांनी हा घोटाळा उघडकीला आणला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अरे, न आवडणारं सोडलं की पाळलं जातं. एकदा पाळता यायला लागलं की मग आवडतं सोडावं." पुढच्या वर्षी तिने वांगं सोडलं आणि कार्तिकी उलटली तरी चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवेपर्यंत त्याला हात लावला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दुपारचा दुसरा चहा गेला. उद्यापनाला सोडलेली वस्तू दान द्यायची असते. कारल्याच्या वर्षी भटजी टोपली घेऊन जिना उतरले, तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

लक्ष वातींचा नेमही तिने केला होता. लाख हा आकडा तिच्या तोंडी कधी आला नाही. चार महिन्यांत लाख म्हणजे रोजच्या साडेआठशेच्या आत-बाहेर; ती फक्त "आजच्या झाल्या" एवढंच म्हणे. पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी जास्तीच्या वळून ठेवी. आमच्या ऑफिसात वार्षिक उद्दिष्टं ठरवायला बाहेरून माणूस बोलावतात, तो दिवसभर रंगीत तक्ते दाखवतो आणि याहून काही वेगळं सांगत नाही. फक्त वाती नसतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी माणसांना सवय लागायला किती दिवस जातात हे मोजलं, तर सरासरी ६६ आली. कुणाचे १८, कुणाचे पार २५४. चातुर्मास आखणाऱ्यांनी सरासरीच्या जवळजवळ दुप्पट मुदत दिली, ती माणसं ओळखूनच. २०२३ साली तर अधिक श्रावण आला आणि चाराचे पाच महिने झाले. वाती वळणाऱ्यांना सवलत मिळाली, कांदा सोडलेल्यांनी पंचांगकर्त्यांकडे संशयाने पाहिलं.

आमच्या चिरंजीवांचा विश्वास मनगटावरच्या घड्याळावर. रोज दहा हजार पावलं. हा आकडा कुठल्या वैद्याने नाही, तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकणाऱ्यांनी रूढ केला, हे मी त्याला सांगून पाहिलं. तो रात्री अकराला हॉलमध्ये येरझारा घालत होता, त्यामुळे अर्धं वाक्य त्याला जाताना ऐकू आलं आणि अर्धं येताना. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटतं, पोराला कसली तरी काळजी लागली आहे.

यंदा मीही नेम धरला. जेवताना मोबाईल बघायचा नाही. आजीच्या हिशेबाने हा फार वरच्या इयत्तेचा नेम झाला, कारण वस्तू आवडती आहे. घरात सांगितलं, तेव्हा सौभाग्यवतींनी वरणाची वाटी पुढे सरकवत शांतपणे विचारलं, "अहो, मग उद्यापनाला दान काय देणार?"

तेव्हापासून चिरंजीव चौकशी करताहेत, दान घ्यायला भटजीच लागतो का.