जरा अ‍ॅडजस्ट करा

दिंडोशीच्या नागरी निवाऱ्यात, मृणालताई गोरेंच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीत, हा गृहस्थ कुठल्याही विंगेत सापडतो. आमच्या विंगेत त्यांना अ‍ॅडजस्टकाका म्हणतात. जिन्याखाली त्यांची जुनी शिलाई मशीन आणि गेल्या तीन गणपतींची मखरं असतात. कुणी काही बोललं की काका हसून म्हणतात, "जरा अ‍ॅडजस्ट करा हो!"

सकाळच्या लोकलमध्ये त्यांना बघावं. तिघांच्या बाकापाशी येतात, डब्याची पिशवी छातीशी धरतात, अर्धी मांडी टेकवतात आणि टेकवून झाल्यावर म्हणतात, "जरा अ‍ॅडजस्ट." ही विनंती नव्हे, आगमनाची सूचना.

आता मराठीत 'सरकून घ्या' आहेच. पण त्यात नुसती जागा मागितली जाते. 'अ‍ॅडजस्ट'मध्ये समोरच्याचं मोठं मनही मागितलेलं असतं. नाही म्हणाल तर तुम्ही कोत्या मनाचे.

एकदा वैतागून मी शब्दकोश उघडला. लॅटिनमध्ये 'जुक्स्टा' म्हणजे जवळ. त्यावरून 'जवळ आणणे' असं क्रियापद झालं. फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत शिरलं आणि साहेबाच्या हाताखाली घड्याळं नि चष्मे बसते करू लागलं. अंगाला अंग भिडवण्याचा मूळ अर्थ त्याला परत मिळाला तो आपल्या पश्चिम रेल्वेवर.

काकांचं व्याकरण मात्र स्वतंत्र आहे. इंग्रजीत हे क्रियापद तिन्ही पुरुषांत चालतं, काकांकडे फक्त द्वितीय पुरुष, आज्ञार्थ. सूनबाई, वॉचमन, भाजीवाली, सगळे 'तुम्ही'. 'मी अ‍ॅडजस्ट करतो' हे रूप त्यांच्या तोंडून वीस वर्षांत ऐकलेलं नाही.

२ एप्रिल २०२२ रोजी मेट्रो ७ सुरू झाली, दिंडोशीला स्टेशन झालं. काका बंद होणाऱ्या दारालाही "जरा अ‍ॅडजस्ट" म्हणाले. दार ऐकेना. तेव्हापासून मेट्रोबद्दल त्यांचं मत ठरलेलं आहे : "सोय आहे, पण माणुसकी नाही."

परवा संध्याकाळी चर्चगेटहून आम्ही एकाच डब्यात होतो. काकांना चक्क खिडकी मिळाली होती. दादरला एक पोरगा चढला, पाठीवर सॅक, घामाघूम. बाकाशी येऊन अदबीनं म्हणाला, "काका, जरा अ‍ॅडजस्ट करता का?"

काकांनी डोळे मिटले. ते गोरेगावला बरोबर उघडले.