शोधपट्टीचा धनी कोण?

नवा फोन घेतला की पहिली दहा मिनिटं तो तुमच्या हातात नसतोच. तो असतो दुकानातल्या पोराच्या हातात. सावेडीत घ्या, संगमनेरला घ्या, नाहीतर पाथर्डीला. तो सिम टाकतो, भाषा निवडतो, जीमेल चढवतो, जुने नंबर ओढून घेतो आणि समोर येईल त्या पडद्यावर ‘पुढे, पुढे’ दाबत सुटतो. त्याच पडद्यांत एक असा यायचा असतो, ज्याच्यामागे दिल्लीतला मोठा खटला आहे. त्या खटल्यात गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढलं. तुम्हाला कायमचं सर्च इंजिन कोणतं हवं, एवढंच तो पडदा विचारतो. उत्तर द्यायचं तुम्ही. देतो तो पोरगा, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा हक्क आपल्याला कोणी सणाची भेट म्हणून दिलेला नाही. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला बजावलं की, फोन सुरू करतानाच ग्राहकाला सर्च इंजिन निवडू द्या. फोनमध्ये जिथून जिथून शोध घेता येतो तिथं सगळीकडे ही निवड लागू असू द्या. नंतर मन बदललं तर कमीत कमी टप्प्यांत बदलू द्या. गूगल स्थगिती मागायला गेली. १९ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. सहाच दिवसांनी, २५ जानेवारीला, भारतातल्या नव्या अँड्रॉइड फोनवर निवडीचा पडदा येईल असं कंपनीनं जाहीर केलं. मार्चअखेर अपिलीय न्यायाधिकरणानं आयोगाच्या दहापैकी चार सूचना रद्द केल्या, पण दंड कायम ठेवला. सर्च इंजिनच्या निवडीची सूचना त्या रद्द झालेल्या चारांत नव्हती. एवढे वकील, एवढे कागद, एवढ्या तारखा कशासाठी? तुमच्या अंगठ्यानं एकदा तुमच्यासाठी ठरवावं म्हणून. आणि तो अंगठा आपण दुकानाच्या काउंटरवर उसना देऊन येतो.

‘गूगल चांगलंच आहे की, काय बिघडलं?’ असं यावर हमखास ऐकू येतं. चांगलं आहे, कबूल. मग ती जागा राखायला एवढा पैसा का मोजावा लागतो? अमेरिकेतल्या खटल्यात जे आकडे बाहेर आले ते पाहा. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच इंजिन आधीपासून बसवलेलं असावं यासाठी गूगलनं २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर वाटले. ॲपलला २०२२ मध्ये मिळाले सुमारे २,००० कोटी डॉलर. ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलनं बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल देणारे न्यायाधीश अमित मेहता मूळचे गुजरातमधल्या पाटणचे. त्यांच्या निकालपत्रात गूगलचाच एक अंदाज नोंदलेला आहे: आयफोनच्या सफारीमधली आयती जागा गेली, तर आयफोनवरचे ६० ते ८० टक्के शोध हातचे जातील.

हा आकडा दोनदा वाचावा असा आहे. जगात सर्वांत जास्त शोध पाहणाऱ्या कंपनीला माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक आहे. जे समोर मांडून ठेवलंय तेच आपण वापरतो. बदलण्याची सोय आहे हे माहीत असूनही बदलत नाही. दुसरी बाजूही आहे. फायरफॉक्सनं २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत गूगल काढून याहू बसवलं, तेव्हा अनेकांनी स्वतः सेटिंग उघडून गूगल परत आणलं, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सही गूगलकडे परतलं. म्हणजे मनापासून नको असेल तर माणूस हात हलवतो. नको आहे की हवं आहे, हा प्रश्नच बहुतेकांना पडलेला नसतो. माझा राग त्यावर आहे.

मेहतांनी २ सप्टेंबर २०२५ रोजी उपाय सांगितले, तेव्हा ‘दुसऱ्या कोणाला ठेवूच नका’ असे करार बंद केले, पण जागेसाठी पैसे देण्याची मुभा ठेवली. माझ्या मते न्यायालय इथं कचरलं. पैसे थांबवले तर छोट्या ब्राउझरांचे हाल होतील, हे कारण खरं आहे. फायरफॉक्सच्या कमाईतला सुमारे ८५ टक्के वाटा गूगलकडूनच येतो. पण प्रतिस्पर्ध्याच्या ताटात आपणच वाढत असू, तर तो प्रतिस्पर्धी किती दिवस राहील?

युरोपात तर याहून वाईट घडलं. आधी दंड झाला, मग २०२० मध्ये निवडीचा पडदा आला, आणि त्या पडद्यावर कोणाचं नाव झळकणार याचाच गूगलनं लिलाव लावला. झाडं लावण्यासाठी कमाई खर्च करणाऱ्या बर्लिनच्या इकोसियानं त्या लिलावावर बहिष्कार टाकला. ओरड झाल्यावर २०२१ मध्ये जागा फुकट झाल्या. निवडीचा हक्क कागदावर आला तरी तो पोकळ कसा करता येतो, ते यातून शिकावं.

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे या. चौदा तालुके, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, आणि रोज बाहेरून येणारी भाविकांची रीघ. शिर्डीला निघालेला माणूस भक्तनिवासातली खोली फोनवर शोधतो. साईबाबा संस्थान बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा म्हणून वारंवार सांगत आलं आहे. तरी माणूस शोधपट्टीत ‘शिर्डी रूम’ लिहितो आणि सर्वांत वर जे येईल त्यावर बोट ठेवतो. वर आलं म्हणजे खरं, असा त्याचा समज. शनी शिंगणापूरच्या नावानं बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे लाटल्याचं प्रकरण २०२५ मध्ये गाजलं. गुन्हा दाखल झाला, विधानसभेत चर्चा झाली. तिथं वाट ॲपची होती, सर्च इंजिनची नव्हे, हे खरं. पण फसवणाऱ्यानं भांडवल केलं ते याच विश्वासाचं: देवाचं नाव पडद्यावर दिसलं की तपासायची गरज नाही.

सातबाऱ्याचंही तसंच. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. शोधणाऱ्याला त्याच नावाशी मिळतीजुळती खासगी दुकानं भेटतात. बँकेचा किंवा गॅसचा मदत क्रमांक शोधताना भलत्याचाच नंबर लावून खातं रिकामं झाल्याच्या तक्रारी तर पोलिसांना पाठ झाल्या आहेत. अशा वेळी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लगेच फिरवायचा असतो. तेवढा तरी फोनमध्ये जपून ठेवा.

शोधाच्या निकालात वरच्या काही जागा विकाऊ असतात. कोणत्या शब्दासाठी कोण किती मोजायला तयार आहे आणि जाहिरातीचा दर्जा काय, हे पाहून क्षणात लिलाव होतो आणि जिंकणारा वर चढतो. घोडेगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव निदान शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत होतो. त्याला बोली ऐकू येते, भाव पटला नाही तर तो गोणी उचलून परत नेतो. शोधपट्टीतला लिलाव तुमच्या शब्दावर होतो, तुमच्या गरजेवर होतो, आणि तुम्ही तिथं नसता. ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द तेवढा उरतो. वाचतो कोण तो?

म्हणून वरची जागा कोण वाटतो, हे ठरवण्यात आपला हात हवा. २०१८ मध्ये याच स्पर्धा आयोगानं गूगलला १३५ कोटी ८६ लाखांचा दंड केला होता, तो शोधाच्या निकालात पक्षपात केल्याबद्दल. विमानाच्या तिकिटांची स्वतःची सेवा कंपनीनं पानावर ठळक जागी बसवली होती. तक्रार होती लग्नं जुळवणाऱ्या एका भारतीय संकेतस्थळाची आणि जयपूरच्या ग्राहक संघटनेची. म्हणजे हा धोका मनाचा खेळ नाही, तो सिद्ध झालेला आहे.

मग काय, गूगल टाकून द्यायचं? मी तसं म्हणत नाही. मराठीत, देवनागरीत, आपल्याकडच्या गावांची नावं टाकून शोधायचं तर मला आजही गूगल सरस वाटतं. डकडकगो तुमच्या शोधांचा इतिहास तुमच्या नावावर साठवत नाही, अशी त्याची भूमिका आहे. पण त्याचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. ब्रेव्हनं स्वतःची सूची उभी केली आहे. एका इंजिनला सगळं येतं, हा भ्रम सोडला तरी पुष्कळ झालं. मूळव्याधीचं औषध, कर्जाची थकबाकी, मुलीसाठी स्थळ, असल्या घरच्या गोष्टी शोधायला मी नोंद न ठेवणारं इंजिन वापरीन. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस किंवा गावाचा नकाशा शोधायला गूगल. दोन्ही एकाच फोनमध्ये सुखानं नांदतात.

बदलायला शिक्षण लागत नाही. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर बोट ठेवा, सेटिंगमध्ये जा, सर्च इंजिन उघडा, नाव निवडा. फायरफॉक्समध्येही सेटिंगमधल्या शोधाच्या भागात हीच सोय आहे. मात्र एक खोच आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. फोनच्या पहिल्या पडद्यावर गूगलची जी पट्टी चिकटवलेली असते, ती वेगळी. क्रोममधलं इंजिन बदललं तरी ती पट्टी बदलत नाही. आपण बदल केला या समाधानात माणूस राहतो आणि सवयीनं त्याच पट्टीत लिहीत राहतो. आयोगानं ‘शोधाच्या सगळ्या वाटांवर’ असं मुद्दाम म्हटलं ते यासाठीच. नको असेल तर ती पट्टी दाबून धरा आणि काढता येते का पाहा. काही फोनांवर ती निघतच नाही. तसं असेल तर ब्राउझर उघडून तिथंच शोधायची सवय लावा.

फोन विकणाऱ्यांना माझं सरळ सांगणं आहे: तो पडदा आला की हात थांबवा आणि फोन गिऱ्हाइकापुढे धरा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सेतू आणि महा ई-सेवा केंद्रांच्या संगणकांवर सरकारी पत्ते आधीच जतन करून ठेवावेत, म्हणजे शोधायची वेळच येणार नाही. शिर्डीला रेल्वे स्थानकावर, बस स्थानकात संस्थानाचा खरा पत्ता मोठ्या अक्षरांत रंगवलेला हवा: साई डॉट ओआरजी डॉट इन. आणि हिवरे बाजारसारखी गावं, जी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, विंधन विहिरीवर ठराव करतात, त्यांना ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या संगणकावर कोणतं इंजिन असावं हे ठरवणं काय अवघड? हा विषय ग्रामसभेचाच आहे, कारण शाळेतलं पोर पहिला प्रश्न आता मास्तरांना विचारत नाही, त्या पट्टीला विचारतं.

या आठवड्यात एवढं करून पाहा. तीन शोध घ्या: ‘सातबारा उतारा’, ‘शिर्डी भक्तनिवास’, आणि कांद्याचा बाजारभाव. शेवटचा शोध एकदा अहमदनगर लिहून आणि एकदा अहिल्यानगर लिहून घ्या, कारण २०२४ मध्ये नाव बदललं तरी सगळी पानं अजून बदललेली नाहीत. तेच तीन शोध दोन इंजिनांवर घ्या. पहिल्या पाचांत सरकारी किंवा संस्थानाचं पान कुठं आलं, जाहिराती किती आल्या, बाजारभाव आजचा आहे की मागच्या महिन्यातला, हे कागदावर लिहून काढा. ज्याचा हिशोब बरा निघेल ते इंजिन ठेवा. दुकानातला पोरगा म्हणेल, ‘काका, त्यानं काय फरक पडतो?’ त्याला तो कागद दाखवा.